गाडी तेल खाते? आधी मोजा, मग खोला

गेल्या पावसाळ्यानंतर भाच्यानं एक सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतली, २०१६ सालची. राहायला कोल्हापुरात फुलेवाडीला, नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत. महिन्याभरातच त्याचा फोन आला. "मामा, गाडी लय तेल खाती. पाचशेचं पेट्रोल टाकलं की दोन दिवसांत काटा खाली." तोवर एका गॅरेजमध्ये एअर फिल्टर, प्लग आणि इंजेक्टर सफाई असा साडेचार हजारांचा खर्च करून झाला होता, आणि गाडी होती तशीच होती. मी विचारलं, "खर्चाच्या आधी ॲव्हरेज किती होतं?" म्हणाला, "दहा-अकरा असेल." आणि आता? "तेवढंच असेल."

हा 'असेल'च महागात पडतो. आकडा हातात नसेल तर काय बिघडलंय ते कळत नाही आणि दुरुस्ती लागू पडली की नाही तेही कळत नाही. नव्यानं गाडी घेतलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: बॉनेट उघडायच्या आधी वही उघडा. भाच्याच्या गाडीवर आम्ही जे ज्या क्रमानं केलं, त्याच क्रमानं इथं सांगतो, कारण आधी फुकटातलं, मग स्वस्तातलं आणि शेवटी महागाचं तपासायचं असा तो क्रम आहे.

ॲव्हरेज मोजायचं कसं

टाकी फुल्ल करा. नोझल पहिल्यांदा 'कट' मारेल तिथं थांबा. पंपावरचा पोरगा राउंड फिगर करायला आणखी थोडं ओतू बघेल, त्याला नको म्हणा. गाडी हलवून पेट्रोल बसवू नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि रोजच्यासारखी गाडी चालवा. किमान ३०० किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. भाच्याचा पहिला आकडा असा आला: ३४२ किलोमीटर, २९ लिटर, म्हणजे ११.८.

३०० किलोमीटरचा आग्रह का, तर कट दर वेळी नेमका एकाच पातळीला बसत नाही. अर्धा-एक लिटर इकडं-तिकडं होतो. दहा लिटरवर एक लिटरची चूक म्हणजे दहा टक्के, पंचवीस लिटरवर तीच चूक चार टक्के. पाचशेचं टाकून काटा किती खाली आला यावरून हिशोब करणं तर सोडूनच द्या, कारण टाकीच्या आकारामुळं काटा सगळीकडं सारख्या वेगानं उतरत नाही. डॅशबोर्डवर दिसणारा ॲव्हरेजचा आकडाही बहुतेक गाड्यांत थोडा चढाच असतो. दोन-तीन टाक्या मोजल्या की तो किती चढा आहे ते समजतं, मग कामाला येतो.

वहीत तारीख, किलोमीटर, लिटर, एसी होता की नाही आणि गाडी मुख्यतः कुठं फिरली एवढं लिहा. 'कुठं फिरली' हा रकाना टाळू नका. त्याचं कारण पुढं येतंच.

दोन गोष्टी मोजणीलाच फसवतात. पहिली टायरचा साइज. आधीच्या मालकानं हौसेनं मोठे टायर घातले असतील तर चाकाचा घेर वाढतो, चाक कमी फेऱ्यांत जास्त अंतर जातं आणि मीटर कमी किलोमीटर दाखवतो. गाडी खरं तर धावलेली असते, कागदावर ॲव्हरेज पडलेलं दिसतं. तावडे हॉटेलपासून हायवेला लागा आणि मोबाइलच्या जीपीएसवर वीसेक किलोमीटर अंतर मीटरशी ताडून बघा. दुसरी गोष्ट पंपाचं माप. मीटर शून्यावर आहे ना हे बघणं ही सवय झालीच पाहिजे. तरी शंका असेल तर पाच लिटरच्या मापानं तपासून दाखवा असं तुम्ही म्हणू शकता. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं हे माप प्रत्येक पंपावर असतं आणि पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. मागायला संकोच करू नका, तो ग्राहकाचा हक्क आहे.

किती आलं म्हणजे कमी?

कंपनीच्या जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतला असतो. गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या चक्रात चालवतात, वेग ९० च्या वर जात नाही, समोर उसाची ट्रॉली नसते आणि मिरजकर तिकटीचा सिग्नलही नसतो. शहरात त्यापेक्षा पाव हिश्शानं कमी आलं तर मी ते नेहमीचं समजतो. निम्म्यावर आलं तर मात्र काहीतरी आहे.

आपल्या गावाचा एक स्वभाव इथं लक्षात घ्या. कोल्हापुरात अंतरं लहान. राजारामपुरीतून महाद्वार रोडला जाऊन यायचं म्हटलं तर इंजिन तापेपर्यंत आपण पोचलेलो असतो, आणि मग अंबाबाईच्या देवळाभोवती पार्किंग शोधत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दोन घिरट्या होतात. थंड इंजिनाला पेट्रोल जास्तच लागतं. तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या करणारी गाडी आणि रोज कागलला जाणारी गाडी, दोन्ही ठणठणीत असल्या तरी त्यांच्या ॲव्हरेजची तुलना होत नाही. म्हणून तो 'कुठं फिरली' रकाना. आपली तुलना आपल्याच गाडीच्या मागच्या टाकीशी करायची.

आणि इथेनॉल. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं बरंच आपल्याच उसातून येतं. लिटरमागं इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. त्यामुळं ॲव्हरेज थोडं पडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या जुन्या चारचाक्यांसाठी ६ ते ७ टक्के घटीचा अंदाज दिलेला आहे, म्हणजे १६ देणारी गाडी १५ वर येईल. ११ वर येणार नाही. सगळं खापर इथेनॉलवर फोडून तपासणी सोडून देणारे बरेच भेटतात, त्यांना हा हिशोब जरूर सांगा.

हवा, ओझं आणि टप

टायरमध्ये किती हवा हवी हे टायरवर लिहिलेलं नसतं. तिथं असते ती कमाल मर्यादा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात सापडतो, पुढच्या-मागच्या चाकांना आणि भरल्या-रिकाम्या गाडीला वेगवेगळा. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. तापल्या टायरला आकडा चढलेला दिसतो. दोन-चारशे रुपयांचा गेज स्वतःजवळ ठेवा, कारण पंपावरची मशीन रोज शंभर जण हाताळतात आणि तिच्या आकड्यावर माझा पूर्ण भरवसा नाही. भाच्याच्या गाडीला हवे होते ३३, निघाले २२. चारही चाकांत. नायट्रोजन भरला म्हणून ॲव्हरेज वाढत नाही, बरोबर दाब ठेवला म्हणून वाढतं.

त्याच सकाळी डिकी रिकामी केली. आधीच्या मालकाची फरशीची दोन पोती अजून तिथंच होती. टपावर कॅरिअर असेल आणि वर्षातून एकदाच लागत असेल तर काढून ठेवा, हायवेवर तो वारा अडवतो.

पुढची टाकी: ३१८ किलोमीटर, २५.८ लिटर, १२.३. भाचा खूश झाला. मी त्याला थांबवलं. एवढा फरक नोझलच्या कटमध्येसुद्धा जाऊ शकतो, एका टाकीवर तो खरा धरू नका. पण दिशा बरोबर होती.

ब्रेक चिकटलाय का?

ही तपासणी लोक करत नाहीत आणि माझ्या अनुभवात इथंच सर्वात जास्त पेट्रोल जळतं. ब्रेक सोडल्यावरही लायनर ड्रमला किंवा पॅड डिस्कला घासत राहिला, तर तुम्ही दिवसभर पाय किंचित ब्रेकवर ठेवूनच गाडी चालवताय.

पहिली चाचणी सपाट रस्त्यावर करा. वेग २०-२५ असताना, मागंपुढं कुणी नाही हे बघून, गिअर न्यूट्रल करा आणि गाडी आपोआप कशी मंदावते ते बघा. मोकळी गाडी बरीच लांब लोळत जाते. धरलेली गाडी जड वाटते आणि लवकर थांबते.

दुसरी चाचणी उष्णतेची. मोकळ्या रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर जाऊन या आणि थांबताना ब्रेक शक्य तितका कमी लावा. उतरल्याबरोबर चारही चाकांच्या रिमजवळ तळहात न्या. डिस्कला किंवा ड्रमला हात लावू नका, चांगलाच भाजेल. डावं-उजवं सारखं कोमट असेल तर ठीक. एका बाजूचं चाक वेगळं तापलेलं असेल, जळका वास येत असेल, तर कारण सापडलं. भाच्याच्या गाडीचं मागचं डावं चाक असं तापलं होतं की हात जवळ धरवेना.

खात्री करायला चाक उचलून फिरवून बघायचं. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला, मग मागचं चाक जॅकवर. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली शिरायचं नाही, कुणी कितीही अनुभवी असो. चाक हातानं फिरवलं की दोन-तीन वेढे मोकळं गेलं पाहिजे. आमचं अर्ध्या वेढ्यात अडलं. हँडब्रेकची केबल आतून गंजून धरून बसली होती, लिव्हर खाली केला तरी ब्रेक सुटत नव्हता. पुढच्या डिस्कला अशीच तक्रार असेल तर बहुतेक वेळा कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना सुकलेल्या किंवा गंजलेल्या असतात. त्या साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायचं, साधं ग्रीस उष्णतेनं वितळून पॅडवर येतं.

जुनी गाडी घेताना हे विशेष बघा, कारण आपल्याकडं २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीच्या भागात पाणी शिरलं होतं. पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन पुसून चकचकीत होते, पण केबल, पिना आणि बेअरिंग आतून गंजत राहतात. गाडी तेव्हा कुठं उभी होती, हे मालकाला सरळ विचारा.

केबल बदलली. ३५६ किलोमीटर, २५.६ लिटर, १३.९. एवढा फरक कटच्या चुकीत मावत नाही.

इंजिन तापतं का, म्हणजे हवं तेवढं?

गाडी गरम होते म्हणून सगळे घाबरतात, गाडी पुरेशी गरम होत नाही याकडं कुणाचं लक्ष जात नाही. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप असते. आतलं मेण ठरावीक उष्णतेला, बहुतेक गाड्यांत ८० ते ९० अंशांच्या दरम्यान, वितळून फुगतं आणि झडप उघडतं. तोवर पाणी रेडिएटरकडं जातच नाही, म्हणून इंजिन लवकर तापतं. ही झडप उघडीच अडकली, किंवा कुणी काढूनच टाकली, तर इंजिन थंड राहतं. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं अजून सकाळच आहे, आणि तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो.

काढून कोण टाकेल, असं वाटेल. पण "इथं कुठं बर्फ पडतोय, काढून टाकूया, गाडी गरम व्हायची कटकट जाईल" असा सल्ला अजूनही दिला जातो. मुळात कूलंट कमी किंवा फॅन बिघडलेला असतो, ते सापडत नाही म्हणून हा उपाय. भाच्याच्या गाडीत थर्मोस्टॅट नव्हताच, नुसतं रिकामं घर होतं.

ओळखायची खूण अशी. सकाळी निघाल्यावर पाच-सहा किलोमीटरमध्ये उष्णतेचा काटा नेहमीच्या जागी यायला हवा आणि तिथंच राहायला हवा. सिग्नलला वर येतो आणि हायवेवर वारा लागला की खाली सरकतो असं दिसलं, तर थर्मोस्टॅट गेला म्हणूनच समजा. काही नव्या गाड्यांत काटा नसतो, फक्त निळा दिवा असतो. तो बराच वेळ जळत राहिला तर तीच शंका. काढलेला थर्मोस्टॅट घरीही तपासता येतो: जुन्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवा, दोऱ्यानं बांधून आत सोडा. उकळी येईपर्यंत उघडला आणि थंड झाल्यावर पूर्ण मिटला तर चांगला. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन गरम असताना कधीही उघडू नका, आतलं उकळतं पाणी दाबाखाली असतं आणि तोंडावर येतं.

नवा थर्मोस्टॅट, नवं कूलंट. ३७१ किलोमीटर, २४.६ लिटर, १५.१.

स्कॅनरला काय विचारायचं

पेट्रोल गाडीत एवढं करूनही आकडा वर येत नसेल, किंवा इंजिनचा पिवळा दिवा लागलेला असेल, तर स्कॅनर लावा. स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं, सॉकेट असतं, त्यात बसणारा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं ॲप एवढ्यात घरबसल्या बरंच दिसतं. बिघाडाचे कोड आधी वहीत उतरवा, मग पुसा. पी ०१२८ म्हणजे इंजिन पुरेसं तापत नाही, पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, पी ०१७२ म्हणजे जास्त होतंय.

कोड नसला तरी 'फ्यूएल ट्रिम' बघा. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर जळलेल्या वायूवर नजर ठेवतो आणि कॉम्प्युटर त्यानुसार पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो. ती वाढ-घट टक्क्यांत दिसते. शून्याच्या आसपास पाच टक्के वर-खाली असेल तर निर्धास्त राहा. सतत अधिक दहाच्या वर असेल तर कुठंतरी न मोजलेली हवा आत शिरतेय, फाटका रबरी पाइप शोधा. सतत उणे दहाच्या खाली असेल तर इंजेक्टर गळतोय किंवा कुठला तरी सेन्सर चुकीचं सांगतोय. मात्र कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव आलं तोच बिघडला असं होत नाही. तो अनेकदा खरी बातमी सांगत असतो, दोष दुसरीकडंच असतो. सेन्सर महाग असतो, आधी वायर आणि पाइप बघून घ्या.

बाकीचं थोडक्यात

एअर फिल्टर घाण असेल तर बदला, पण इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत त्यानं ॲव्हरेज फारसं वाढत नाही. कॉम्प्युटर आलेल्या हवेच्या प्रमाणातच पेट्रोल देतो, फरक पिकअपमध्ये पडतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचा अनुभव इथं लागू होत नाही. प्लगचं टोक भाजलेल्या खोबऱ्याच्या रंगाचं असेल तर इंजिन नीट जळतंय. काजळी धरलेली असेल तर पेट्रोल जास्त होतंय आणि नुसता प्लग बदलून कारण जात नाही. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. जिथं ५डब्ल्यू-३० हवं तिथं २०डब्ल्यू-५० घातलं की इंजिनाला घट्ट ऑइलमधून फिरावं लागतं. चढाला इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. टायरची एकच कड झिजत असेल तर अलाइनमेंट. गाडीखाली किंवा बॉनेटमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर या सगळ्याच्या आधी तेवढंच बघा, आणि गळती बंद होईपर्यंत गाडी चालू करू नका.

डिझेलवाल्यांनी टर्बोचा पाइप आणि डिझेल फिल्टर बघावा. २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो साफ करायला गाडी मधूनमधून जास्तीचं डिझेल जाळते. गाडी फक्त गावातल्या गावात फिरली तर ही सफाई अर्धवट राहते आणि पुन्हा पुन्हा सुरू होते. आठवड्यातून एकदा किणी टोल नाक्यापर्यंत एका लयीत जाऊन या.

पाय आणि गिअर

पन्हाळ्याहून किंवा जोतिबावरून उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची सवय आपल्याकडं फार आहे. कृपया सोडून द्या. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कॉम्प्युटर पेट्रोल बंदच करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो आणि वळणावर ब्रेक तापून कमी पडतात. म्हणजे पेट्रोलही जातं आणि जीवही धोक्यात.

हायवेवर १०० ऐवजी ८० ठेवून एक टाकी काढून बघा. वेग वाढेल तसा वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळं फरक वहीत स्पष्ट दिसेल. गावात खिडक्या उघड्या चालतील, हायवेवर काचा लावून एसी बरा. कावळा नाक्याला लांब सिग्नल लागला तर इंजिन बंद करा, उभ्या गाडीतही तासाला अर्धा ते एक लिटर जातं.

मेस्त्रींकडं जाताना

उद्यमनगरात चांगले मेस्त्री आहेत, पण "ॲव्हरेज देत नाही, बघा जरा" एवढंच सांगितलं तर तेही अंदाजानंच हात घालणार. वही दाखवा. "मेस्त्री, हवा बरोबर आहे, चारही चाकं मोकळी फिरतात, काटा मधोमध राहतो, ट्रिम अधिक बारा आहे" असं सांगितलं की काम नेमकं तिथून सुरू होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा आणि मध्ये एक टाकी मोजा. तीन पार्ट एकदम बदलले तर कुठल्यानं गुण आला हे कधीच कळत नाही. काढलेला जुना पार्ट परत मागून घ्या. आणि इंजिनाचं काम काढायची वेळ आलीच तर आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आणि पुस्तकातल्या मर्यादेत असतील तर कॉम्प्रेशन शाबूत आहे. कमी ॲव्हरेजवर उपाय म्हणून इंजिन खोलायला मग परवानगी देऊ नका.